दुर्बिणीवाल्याचा टीव्ही

आमच्या अण्णांना टीव्हीवरचे पूल, बोगदे, धरणं यांचे कार्यक्रम मनापासून आवडतात. त्यातलं बोलणं तेवढं सहन होत नाही. म्हणून ते आवाज बंद करून बघतात. हिंदी डबिंगमधला तो खर्जातला माणूस ‘लेकिन अब उनके सामने है एक नई चुनौती’ म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच अण्णांचा अंगठा रिमोटवर पडतो. मग खोलीत पंख्याची कुरकुर, आणि पडद्यावर मुकाट्याने हलणारी क्रेन.

अण्णा कोकण रेल्वेच्या कामावर सर्व्हेअर होते, एका ठेकेदाराकडे. मजूर त्यांना ‘दुर्बिणीवाले’ म्हणायचे, कारण थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नसे. आम्ही तेव्हा रत्नागिरीत राहत होतो. मी प्राथमिक शाळेत, आणि अण्णा पहाटे जीपमधून करबुड्याच्या बोगद्यावर. संध्याकाळी परत यायचे ते कपाळापासून बुटापर्यंत एकाच रंगाचे होऊन. पुढे त्या ठेकेदाराने शेवटच्या तीन महिन्यांचा पगार बुडवला, आणि त्याबद्दल अण्णा आजही एवढंच म्हणतात की गणपतीत कर्ज काढावं लागलं.

घरी केबल आली, डिस्कव्हरी आणि नॅशनल जिऑग्राफिक दिसायला लागलं, आणि एका रात्री फ्रान्समधल्या मिलाऊच्या पुलावरचा कार्यक्रम लागला. टार्न नदीच्या खोऱ्यावर 2,460 मीटर लांबीचा पूल. सर्वांत उंच खांबाचं मस्तुलासकट टोक 343 मीटरवर, म्हणजे आयफेल टॉवरहून उंच. हे आकडे पडद्यावर भलामोठा आवाज करत आदळले असणार, पण आमच्याकडे शांतता होती. अण्णा पानसुपारी कातरत बघत होते. मग पुलाचा रस्ता पुढे सरकू लागला. खालून क्रेनने उचलून बसवलेला नव्हे. डोंगराच्या काठावर जोडलेला पोलादी रस्ता जॅकने पुढे ढकलत, एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे, एका दमात साठ सेंटिमीटर. अडकित्ता थांबला.

‘बाय, हे आपण केलंय,’ अण्णा म्हणाले.

मला वाटलं, अण्णांचं वय झालं.

पण खरंच केलं होतं. रत्नागिरी स्टेशन सोडून निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा पूल लागतो. 424 मीटर लांब, आणि सर्वांत उंच खांब 64 मीटर. खाली दरी अशी की मचाण बांधून वर काँक्रीट ओतायचं म्हटलं असतं तर निम्मा खर्च बांबूंवरच झाला असता. म्हणून एका टोकाला पुलाचा तुकडा ओतायचा, तो घट्ट झाला की त्याच्या मागे दुसरा, आणि सगळी माळ जॅक लावून दरीवर ढकलायची. पुढच्या टोकाला पोलादाचं हलकं नाक लावलेलं असतं, ते आधी पुढच्या खांबावर टेकतं. खांबाच्या डोक्यावर टेफ्लॉनचे गुळगुळीत पट्टे. हजारो टन काँक्रीट त्यांवरून निमूटपणे सरकतं. भारतात या पद्धतीने झालेला हा पहिला पूल, आणि तो मिलाऊच्या जवळजवळ दहा वर्षं आधीचा.

मिलाऊचं काम अर्थात फार मोठं. तिथे दोन्ही बाजूंनी रस्ता ढकलत आणला आणि 28 मे 2004 ला दोन टोकं नदीच्या वर हवेत भेटली. पण अण्णांचं म्हणणं मोठेपणाचं नव्हतंच. त्यांना त्या जॅकवाल्या माणसाची ओळख पटली होती. कॅमेरा त्याच्यावरून सरकून पुलाचा वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर याच्याकडे गेला तेव्हा अण्णांना राग आला. ‘त्याला परत दाखवा की,’ असं ते टीव्हीला म्हणाले. टीव्ही म्यूटवर होता, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. (त्या पुलामागचा अभियंता मिशेल व्हिर्लोजो. त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? मीही अण्णांच्या हट्टापायी शोधलं तेव्हाच ऐकलं.)

या कार्यक्रमांची एक ठरलेली चाल असते, आणि आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे. सुरुवातीला जगातलं सगळ्यात काहीतरी. मग घड्याळ. मग वादळ येतंय. मग एक बोल्ट बसत नाही. बोल्ट हवेत लोंबकळत असताना जाहिरात. जाहिरातीनंतर मघाशी सांगितलेलं पुन्हा पहिल्यापासून, जणू साबण आणि टायर बघता बघता आमची स्मृती गेली. आणि शेवटी बोल्ट बसतो. तो बसणारच असतो, कारण पूल उभा आहे हे आपल्याला पहिल्याच मिनिटाला विमानातून दाखवलेलं असतं. अण्णा एकदा मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून बसले होते. किती वेळ काम दाखवलं आणि किती वेळ कामाविषयी घाबरवलं, याचा हिशेब त्यांनी लेव्हल बुकात मांडतात तसा दोन रकान्यांत मांडला. बेरीज जुळली नाही. जाहिराती कुठल्या रकान्यात घालायच्या ते ठरेना.

‘टीबीएम’चा गोंधळ तर कितीतरी दिवस चालला. टीव्हीवर टीबीएम म्हणजे बोगदा कोरणारं राक्षसी यंत्र, पुढे दातेरी चाक फिरणारं. मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी अशी यंत्रं उतरवली तेव्हा त्यांना गोदावरी, वैतरणा, कृष्णा, तापी अशी नद्यांची नावं दिली होती. आपल्याकडे जमिनीच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीलाही नदीच व्हावं लागतं. अण्णांच्या धंद्यात मात्र टीबीएम म्हणजे टेम्पररी बेंचमार्क. एखाद्या न हलणाऱ्या कातळावर किंवा मोरीच्या कठड्यावर लाल रंगाने काढलेली खूण आणि तिची उंची. तिच्यावरून पुढची सगळी मापं. त्यामुळे ‘टीबीएम चार दिवस बंद पडलं’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अण्णा उठून बसले. बेंचमार्क बंद कसा पडेल? रात्री कुणी दगड हलवला की काय?

मला वाटतं, या माणसाचं आणि त्या कार्यक्रमांचं खरं भांडण इथेच आहे. पडद्याला सतत विचारायचं असतं, होईल का? अण्णांच्या आयुष्यात हा प्रश्न कधी आलाच नाही. त्यांचा प्रश्न होता, बरोबर आहे का? हा प्रश्न रोज, दुर्बीण मांडू त्या प्रत्येक जागी, पाठीमागच्या आणि पुढच्या खुणेचं वाचन घेऊन विचारायचा असतो. आणि त्यात कुणीही धावत नाही, ओरडत नाही, घड्याळही वाजत नाही. एक माणूस डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने दुर्बिणीत बघतो, आणि पलीकडे एक पोरगा पट्टी सरळ धरून उभा असतो. याचं काय चित्रीकरण करणार?

त्यात बोगद्याचा सर्व्हे म्हणजे विश्वासाचा मामला. उघड्यावर रेषा चुकली तर दुसऱ्या टेकडीवर जाऊन तपासता येते. बोगद्यात आपण तोंडापासून आत, अंधारात, एकेक खूण मागे ठेवत जातो. पहिल्या खुणेत केसाएवढी चूक झाली की ती तुमच्याबरोबर चालत येते आणि चालता चालता वाढते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, उक्षी आणि भोके यांच्यामध्ये. तोंडाशी बाहेरची गरम हवा आणि आतली थंड हवा मिसळते आणि दुर्बिणीतला ठिपका पोहायला लागतो. म्हणून अण्णा महत्त्वाची वाचनं पहाटे घ्यायचे. सुरुंगाच्या धुरानंतर तासभर काही दिसायचं नाही. आणि दोन्ही तोंडांकडून येणारी माणसं मध्ये कुठेतरी, डोंगराच्या पोटात, भेटली की मगच कळणार, तुमची मापं खरी की खोटी. तोवर तपासायची सोय नाही.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राखालच्या बोगद्याचा कार्यक्रम म्हणूनच अण्णांनी तीनदा बघितला. 50 किलोमीटरचा बोगदा, त्यातले जवळजवळ 38 समुद्राखाली. 1 डिसेंबर 1990 ला दोन्ही बाजूंचे कामगार मधल्या सेवा-बोगद्यात भेटले. एक इंग्रज आणि एक फ्रेंच भोकातून हात मिळवतात, झेंडे बदलतात, सगळे टाळ्या वाजवतात. दोन्हीकडच्या रेषांमध्ये फरक निघाला आडवा 358 मिलिमीटर आणि उभा 58 मिलिमीटर. कार्यक्रमात या आकड्यांना एक वाक्य मिळालं आणि शॅम्पेनला बराच वेळ. तिसऱ्या वेळी अण्णांनी आवाज मोठा केला होता, फक्त त्या एका वाक्यासाठी.

‘छान,’ ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उभा तर फारच छान.’

मी विचारलं, करबुड्याला किती निघाला होता? हा प्रश्न मी त्यांना वर्षानुवर्षं विचारत आलेय.

‘जमलं होतं.’

‘पण किती?’

‘ते मेजरमेंट बुकात आहे.’

आईची तऱ्हा वेगळी. ती पोळ्या लाटता लाटता दारातून बघायची. तिचं मत असं की कुठल्याच साइटवर जेवणाची सुट्टी होत नाही. एवढे हजार लोक, आणि डबा कुणाच्याच हातात नाही? तिने सात वर्षं जीपवाल्याकडे डबा दिला होता, तेव्हा तिचं लक्ष तिथेच जाणार.

शेजारचे इस्माईलभाई दुबईत शटरिंगचे सुतार होते. ते सुट्टीवर आले असताना बुर्ज खलिफाचा कार्यक्रम लागला आणि आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलं. 828 मीटरचा मनोरा, जानेवारी 2010 मध्ये उघडलेला. सहाशे मीटरच्याही वर पंपाने काँक्रीट चढवलं. उन्हाळ्यात ते लवकर आवळून भेगा पडू नयेत म्हणून रात्री ओतायचं आणि पाण्यात बर्फ मिसळायचा. मी भारावून बघत होते. इस्माईलभाई खुर्चीत पुढे झुकून पडद्याचा कोपरा न कोपरा शोधत होते. मला वाटलं, स्वतःला शोधतायत. पण ते त्या इमारतीवर नव्हतेच, त्यांची साइट दुसरी होती.

‘बस दाखवली नाही,’ ते शेवटी म्हणाले. कामगारांना कॅम्पवरून पहाटे आणणारी, खिडक्यांना जाळी असलेली बस. त्यांच्या हिशेबाने दुबई म्हणजे निम्मी ती बसच. जाताना चपला घालता घालता म्हणाले, ‘बर्फाचं खरं आहे हां. बर्फ काँक्रीटसाठी यायचा. आम्ही मुकादमाची नजर चुकवून त्यातला खडा तोंडात टाकायचो.’

आईची आत्या, आमची अक्का, कोयनेच्या खोऱ्यातली. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एकात ती वाढली आणि धरण झाल्यावर रायगड जिल्ह्यात येऊन पडली. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाचा कार्यक्रम ती आमच्याकडे आली असताना लागला. तिच्यासाठी मी आवाज सुरू ठेवला आणि हिंदीचं मराठी करत राहिले. भिंत दोन किलोमीटरहून लांब, वीज 22,500 मेगावॉट, जहाजं चढवायला पायऱ्यापायऱ्यांचे हौद. सुमारे 13 लाख माणसं उठवली, हे एका वाक्यात येऊन गेलं आणि पुन्हा काँक्रीट सुरू झालं. मला ओशाळल्यासारखं झालं. वाटलं, ही आता चिडणार. अक्काने शांतपणे विचारलं, ‘द्येव कुटं न्हेलं त्यांनी?’

कार्यक्रमात ते नव्हतं. कोयनेच्या लोकांनी सामानाबरोबर आपापले देव डोक्यावरून नेले होते, तेव्हा तिला पहिला प्रश्न हाच पडला. नंतर मी वाचलं की झांग फेई नावाच्या जुन्या योद्ध्याचं नदीकाठचं मंदिर चिन्यांनी सुटं करून वरच्या अंगाला नेऊन पुन्हा उभं केलं. पुढच्या भेटीत मोठ्या उत्साहाने तिला सांगितलं.

‘येकच?’ अक्का म्हणाली.

इतकी नावं ठेवली खरी, पण मी स्वतः या कार्यक्रमांची ऋणी आहे, आणि हे अण्णांसमोरही बोलते. मी गणित शिकवते, चिपळूणच्या एका शाळेत. जपानमधल्या आकाशी काइक्यो पुलाचा कार्यक्रम मी तशा कुठल्याच घरगुती तक्रारीशिवाय, तोंडाचा आ करून बघितलाय. त्यातलं संकट बनवलेलं नव्हतं. मनोरे उभे होते, केबल ओढून झाली होती, आणि 17 जानेवारी 1995 ला कोबेचा भूकंप झाला. भेग पुलाच्या दोन मनोऱ्यांमधून गेली, आणि त्यांच्यातलं अंतर जवळपास एक मीटरने वाढलं. अभियंत्यांनी उरलेल्या पुलाचं गणित नव्याने मांडलं. आज तो मधला गाळा 1,990 ऐवजी 1,991 मीटरचा आहे. हे सांगायला कुठल्याही घोगऱ्या आवाजाची गरज नाही. साध्या आवाजात सांगितलं तरी काटा येतो.

त्याच पुलावरून मी दहावीला समरूप त्रिकोण शिकवते. मनोरे 298 मीटर उंच, दोन्ही अगदी ओळंब्यात. म्हणजे समांतर? पोरं म्हणतात, हो. मग मी विचारते, ओळंबा कुठे बोट दाखवतो? पृथ्वीच्या मध्याकडे. दोन्ही मनोऱ्यांचे ओळंबे एकाच मध्याकडे जात असतील तर ते समांतर कसे? वर्गात थोडा वेळ शांतता, मग मागच्या बाकावरून कुणीतरी, ‘बाई, वर फाकतील.’ किती? पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरा. 1,991 गुणिले 298 भागिले 63 लाख 71 हजार. उत्तर 0.093 मीटर. पायथ्यापेक्षा टोकांमधलं अंतर साडेनऊ सेंटिमीटरला थोडं कमी, एवढं जास्त. आमच्या खडूच्या डबीपेक्षा किंचित लांब. दरवर्षी एखादं तरी पोर डबी उचलून तिच्याकडे बघत राहतं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ‘हे दाखवतात?’

‘दाखवतात. तुम्ही आवाज बंद करता.’

तेव्हापासून पहिली पाच मिनिटं आवाज असतो.

एका गोष्टीत मात्र आम्हा दोघांचं एकमत आहे. हे कार्यक्रम फीत कापली की संपतात. फुगे, राष्ट्राध्यक्ष, पहिली गाडी, वरून घेतलेलं दृश्य, नावं सरकायला लागतात. कोकण रेल्वेवर असा कार्यक्रम करायचा तर तो 26 जानेवारी 1998 ला संपला असता. सुरुवात 1990 ची, मुख्य ई. श्रीधरन, वर रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, शेवटी पेडण्याचा बोगदा, जिथे माती इतकी भुसभुशीत की जेवढं खणावं तेवढं वरून खाली यायचं. त्या एका बोगद्याने सगळ्या मार्गाला खोळंबून ठेवलं. उत्तम मसाला. पण कोकणातला माणूस विचारेल, पुढचा पाऊस दाखवा. 22 जून 2003 ची वैभववाडीची रात्र, दरड आणि घसरलेले डबे. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ रुळावर आलेला धोंडा आणि त्यावर आदळलेली मत्स्यगंधा एक्सप्रेस. अण्णा त्या दोन्ही बातम्यांनंतर कितीतरी दिवस कमी बोलले. डोंगर कापून केलेली ती वाट त्यांच्या भागातली नव्हती, तरीही. डोंगर कापला की तो तसा राहायला राजी आहे का, हे त्याला दहा-वीस पावसाळे विचारावं लागतं. मग उतार आणखी मागे घेतले, जाळ्या मारल्या, जूनमध्ये गाड्या सावकाश धावायला लागल्या, आणि गस्तवाले आले.

गेल्या जुलैत अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला चिपळूणहून रत्नागिरीला नेलं. मोतीबिंदू. दुर्बिणीचा तोच डोळा, उजवा. पाऊस असा की खिडकीच्या काचेवर नदीच. मी फोनवर कुठल्याशा डोंगरातल्या रेल्वेबोगद्याचा कार्यक्रम लावला होता, त्यांचा वेळ जावा म्हणून. ते बघत नव्हते. संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं. बोगद्याच्या अलीकडे गाडी मंदावली तेव्हा रुळाच्या कडेला एक गस्तवाला दिसला. निळं इरलं, हातात दिवा, खांद्याला पिशवी, गाडी जाईपर्यंत कडेला सरकून उभा. अण्णांनी काचेच्या आतून उगाच हात केला. त्याला तो दिसला असण्याची काही शक्यता नव्हती.

मग अंधार. डब्यातले दिवे एकदम पिवळे झाले, फोनवरचं चित्र गोठलं आणि मध्ये ते गोल गोल फिरायला लागलं. अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. त्यांना काटे नीट दिसत नव्हते म्हणून घड्याळ माझ्याकडे वळवलं. ‘सेकंद सांग.’ मी सांगत राहिले. भिंत काळी, मध्येच एखादा पांढरा आकडा खिडकीवरून सर्रकन मागे जायचा.

‘इथं,’ अण्णा म्हणाले.

मी बाहेर बघितलं. भिंतच होती.

‘किती होता?’ मी विचारलं.

तेवढ्यात वडेवाला आला. अण्णांनी दोन घेतले, एक माझ्या हातात दिला, आणि सुटे पैसे मोजायला लागले.